मुख्याधिकारी म्हणून पहिलं पोस्टिंग: रुजू होण्यापासून कार्यभार सोडण्यापर्यंत

राज्यसेवेच्या निकालात नाव लागतं, पसंतीक्रमातून ‘मुख्याधिकारी, नगरपरिषद’ हे पद मिळतं, गावात सत्कार होतात. चार दिवसांनी नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे नक्की काय गं?’ तहसीलदार म्हटलं की लोकांना कळतं, डीवायएसपी म्हटलं की कळतं. मुख्याधिकाऱ्याचं काम मात्र लोकांना नळाला पाणी आलं नाही की आठवतं. खरं सांगायचं तर रुजू होताना मलाही ते नीट माहीत नव्हतं.

‘क’ वर्गाच्या एका लहान नगरपरिषदेतून मी सुरुवात केली. पुढे मोठ्या नगरपरिषदा झाल्या, मग महानगरपालिकेत उपायुक्त म्हणून काम केलं. नवीन अधिकाऱ्यांचे फोन येतात तेव्हा प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. परीक्षेच्या तयारीबद्दल यात काही नाही, त्यावर भरपूर साहित्य आहे. आदेश हातात पडल्यानंतरचं सांगणारं कुणी नसतं.

१. पद कुठे बसतं ते आधी समजून घ्या

तुमचा रोजचा कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे अ, ब, क असे वर्ग आहेत. एक लाखावर ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. गावातून शहराकडे चाललेल्या वस्तीसाठी नगरपंचायत असते. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत जागा दिली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय त्यांच्या नावे लिहिले.

नगराध्यक्ष आणि नगरसेवक लोकांनी निवडलेले असतात, तुम्ही शासनाने नेमलेले. धोरण सभेनं ठरवायचं, अंमल तुम्ही करायचा. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात रोज दहा नस्त्यांवर, म्हणजे फाइलींवर, ही रेष नव्याने आखावी लागते.

पुढची वाटही पाहून ठेवा. गट-ब मधून गट-अ, मग मोठ्या नगरपरिषदा, महानगरपालिकेत उपायुक्त, अतिरिक्त आयुक्त आणि काहींना लहान महानगरपालिकेचं आयुक्तपद. मोठ्या महानगरपालिकांवर भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी नेमले जातात. राज्यात आज २९ महानगरपालिका आहेत, इचलकरंजी आणि जालना ही त्यातली सगळ्यात नवी नावं. मुंबईचा कायदा १८८८ चा वेगळा, बाकीच्यांना १९४९ चा. पण वर जाऊन जे काम करायचं असतं ते लहान गावात आधी हाताखालून गेलेलं असलं तर फार फरक पडतो. ‘क’ वर्ग मिळाला म्हणून हिरमुसू नका. तिथे व्हॉल्व्ह कुठे आहे हेही तुम्हाला माहीत असतं. महानगरपालिकेत ते कळेपर्यंत बदली झालेली असते.

२. रुजू होण्याआधीची कागदपत्रं

– नियुक्ती आदेश आणि शिफारसपत्र, प्रत्येकी पाच साक्षांकित प्रती
– वैद्यकीय तपासणी प्रमाणपत्र
– चारित्र्य पडताळणीची कागदपत्रं
– लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर
– पदवी, जन्मतारखेचा पुरावा, संगणक अर्हतेचं प्रमाणपत्र
– लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र
– मत्ता आणि दायित्वाचं विवरणपत्र
– पॅन, आधार, बँकेचा तपशील
– आधी कुठे शासकीय नोकरी केली असेल तर कार्यमुक्तीचा आदेश आणि सेवापुस्तक

जात वैधतेच्या कागदात नावाचं एखादं अक्षर पदवीपेक्षा वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. वेतननिश्चितीच्या वेळी तेच अक्षर आडवं येतं.

३. प्रशिक्षणाचा काळ

यशदा किंवा वनामतीसारख्या प्रबोधिनीत प्रशिक्षण होतं, मग जिल्ह्यात संलग्न नेमणुका. वर्गात वर्तणूक नियम, शिस्त व अपील नियम, लेखा, सगळं शिकवतात, ते मन लावून शिका. संलग्न काळात मात्र एखाद्या जुन्या लेखापालाजवळ खुर्ची टाकून बसा आणि एका बिलाचा पूर्ण प्रवास बघा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिल, कपाती, धनादेश. हा एक प्रवास डोळ्यांसमोर पक्का झाला की पुढे कुणी मधला टप्पा वगळला तर लगेच खटकतं. विभागीय परीक्षाही मुदतीत उरकून टाका. पोस्टिंग मिळाल्यावर अभ्यासाला वेळ मिळत नाही.

४. कार्यभार घेणं

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण इथली चूक वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

पहिल्या दिवशी हार-तुरे असतात, केबिन भरलेली असते, आणि कुणीतरी कार्यभार हस्तांतरणाचं प्रमाणपत्र पुढे करून म्हणतं, ‘मॅडम, एवढी सही करून टाका, बाकी निवांत बघू.’ मी अर्ध्या तासात सही केली होती. आठ महिन्यांनी एक ठेकेदार सुरक्षा ठेव परत मागायला आला. त्याचं काम चांगलं होतं, दोष दायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपला होता, पैसे त्याच्या हक्काचे होते. अनामत नोंदवहीत रक्कम होती. बँकेत नव्हती. आधी कधीतरी पगाराची ओढाताण झाली आणि ठेवींचे पैसे तिकडे वळवले गेले होते. त्या माणसाला मी जवळजवळ वर्षभर हेलपाटे घालायला लावले. रुजू झाले त्याच आठवड्यात ताळमेळ मागितला असता तर तेव्हाच वर लिहिता आलं असतं. सही माझी होती, उत्तरही मीच द्यायचं होतं.

म्हणून रुजू झाल्याचा अहवाल त्याच दिवशी पाठवा, पण कार्यभाराच्या यादीवर सही करण्याआधी पुढच्या गोष्टी समोर मागा.

– रोखवहीची कालची अखेरची शिल्लक आणि प्रत्येक बँक खात्याचं त्याच तारखेचं विवरण. खाती योजनावार असतात आणि कधीकधी लेखापालालाही सगळी आठवत नाहीत. बँकांना पत्र देऊन संस्थेच्या नावावरच्या खात्यांची यादी घ्या.
– बँक ताळमेळ पत्रक. शेवटचं कधीचं आहे ते बघा. वर्षभर जुनं असेल तर तसं यादीत लिहा.
– धनादेश पुस्तिका. कोऱ्या धनादेशांचे क्रमांक स्वतः मोजा.
– डिजिटल स्वाक्षरी. आधीच्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी सगळ्या प्रणालींतून काढल्याचं आणि तुमची नोंदल्याचं लेखी घ्या. तुमचा टोकन दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कधीही ठेवू नका, ‘तातडीचं बिल आहे’ म्हटलं तरी.
– अनामत नोंदवही आणि त्यासमोर प्रत्यक्ष शिल्लक.
– देणी: ठेकेदारांची बिलं, वीजबिल, पाणीपट्टी, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तांची रक्कम.
– न्यायालयीन प्रकरणांची यादी. अवमानाची नोटीस आलेली प्रकरणं वेगळी काढा, ती आधी हातात घ्या.
– स्थानिक निधी लेखापरीक्षेचे प्रलंबित आक्षेप आणि त्यातल्या वसूलपात्र रकमा.
– चालू कामं, कार्यारंभ आदेशाच्या तारखा, मुदतवाढी.
– स्थावर मालमत्तेची नोंदवही: भूखंड, गाळे, भाडेकरार कधी संपले.

आधीचे अधिकारी आधीच कार्यमुक्त होऊन गेले असतील तर एकतर्फी कार्यभार घ्यावा लागतो. तेव्हा ही यादी विभागप्रमुखांकडून त्यांच्या सहीने घ्या. जे मिळालं नाही, त्यापुढे ‘उपलब्ध करून दिले नाही’ असं स्पष्ट लिहा आणि एक प्रत जिल्हा सह आयुक्तांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेत पाठवा. यात कुणावर अविश्वास नाही. नवा माणूस कुठून सुरुवात करतो आहे, त्याची ती नोंद आहे.

५. पहिले पंधरा दिवस पहाटे उठा

केबिनमध्ये बसून शहर कळत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि १९९५ मध्ये एस. आर. राव तिथे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी केबिनबाहेर, कचऱ्याच्या आणि गटारांच्या जागी उभं केलं. शहर बदललं ते त्या रोजच्या फेरीमुळे. तुमच्या गावाचा आवाका लहान आहे, तुम्हाला हे अधिक सोपं आहे.

पहाटे पाचला सफाई कामगारांच्या हजेरीशेडवर जा. मुकादमाला आधी सांगू नका. हजेरीपटावर सह्या किती आणि समोर माणसं किती, ते दोन मिनिटांत कळतं. पण पहिल्याच दिवशी कुणावर तुटून पडू नका. हातमोजे आहेत का, बूट आहेत का, पगार किती तारखेला होतो, ठेक्यावरच्या कामगारांचा पीएफ भरला जातो का, हे विचारा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांच्या नेमणुकीची प्रकरणं बहुतेक आस्थापना विभागात पडून असतात. ती नस्ती मागवून पहिल्या महिन्यात मार्गी लावा. माझ्या अनुभवात शहराची स्वच्छता सुधारायला त्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही.

एक गोष्ट कधीही होऊ देऊ नका. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. ‘ठेकेदाराचा माणूस होता’ हे उत्तर चालत नाही, आणि मनालाही पटत नाही. सक्शन गाडी बंद असेल तर शेजारच्या नगरपरिषदेची मागवा, काम दोन दिवस थांबलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मागे जा. उद्भवापासून, म्हणजे पाणी जिथून उचलतात तिथून, सुरुवात करा: जॅकवेल, पंपघर, फिल्टर प्लँट, जलकुंभ, मग झोनवार व्हॉल्व्ह. माझ्या पहिल्या गावातले व्हॉल्व्हमन काका निवृत्तीला आले होते. अंधारात बॅटरी तोंडात धरून ते चावीचे फेरे मोजायचे. ‘या गल्लीला साडेअकरा, मॅडम. बारा फिरवले की खालच्या वस्तीला पाणी चढत नाही.’ हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मी त्यांच्याबरोबर चार पहाटा फिरले आणि व्हॉल्व्हची जागा, फेरे, वेळ असा तक्ता करून घेतला. तुम्हीही तो तक्ता करा. त्या माणसाच्या निवृत्तीनंतर पाण्याचे मोर्चे का येतात ते मग कळेल.

परत येताना शेवटच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, करा. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो का बघायचं. टोकाच्या नळाला प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवा. रंग आलाच नाही तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या साठ्याची तारीख बघा. ओलाव्यात पडून राहिलेल्या पावडरचा दम निघून गेलेला असतो आणि नोंदवहीत मात्र ‘मात्रा टाकली’ असं रोज लिहिलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर ही चाचणी रोजची करा.

६. सर्वसाधारण सभा

२०२१-२२ पासून बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि सभागृहं पुन्हा भरली. मधल्या काळात रुजू झालेल्या अनेकांनी सभा कधी पाहिलीच नव्हती, ठराव स्वतःच लिहिले आणि स्वतःच अमलात आणले. आता ती सवय मोडावी लागेल.

विषयपत्रिकेतल्या प्रत्येक विषयाला टिपणी जोडा: कायद्यातली तरतूद, लेखाशीर्ष, शिल्लक तरतूद, प्रशासनाचा अभिप्राय. सभेत तुम्हाला बोलता येतं, मत देता येत नाही. म्हणून तुमचं मत टिपणीत असलं पाहिजे.

खरा सापळा ‘ऐनवेळचे विषय’ हा असतो. मूळ पत्रिकेत दहा विषय, शेवटी ऐनवेळी पंधरा. एकदा शाळेलगतच्या मोकळ्या जागेचा कोपरा भाड्याने द्यायचा विषय असाच आला. सगळे घाईत होते, हात वर होणार होते. मी एवढंच म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, या विषयावर माझ्याकडे कागद नाही. पुढच्या सभेत टिपणीसह ठेवते.’ बरीच कुजबुज झाली. पुढच्या सभेत टिपणीसोबत विकास योजनेचा नकाशा लावला, त्यावर त्या जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण होतं. ज्यांनी विषय मांडला होता त्यांनीच तो मागे घेतला. सदस्यांपुढे अनेकदा कागदच गेलेला नसतो. तो वेळेत पुढे ठेवणं आपलं काम आहे.

इतिवृत्त सभेनंतर लगेच पूर्ण करा. महिनाभर लांबलेल्या इतिवृत्तात न झालेलं बोलणं शिरतं. ठराव बेकायदा वाटला तर तोंडी वाद घालू नका. कारणांसह कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवा. आणि कलम ५८(२) खालचे नगराध्यक्षांचे तातडीचे अधिकार खरोखरच्या तातडीसाठी आहेत. पूर आला, जलवाहिनी फुटली, तर ते वापरलेच पाहिजेत. कार्यक्रमाच्या मांडवाचं बिल ५८(२) वर येत असेल तर नस्तीवर स्पष्ट शेरा लिहून परत करा.

शेरा कसा लिहावा? कारण, तरतूद, काय करावं, एवढंच. रागाने लिहिलेला शेरा पाच वर्षांनी चौकशी अधिकाऱ्यासमोर वाचला जातो तेव्हा त्यातला राग तेवढा दिसतो, कारण हरवून जातं.

७. वसुली आणि खर्च

मालमत्ता कराची मागणी किती आणि वसुली किती, हे दोन आकडे दर सोमवारी टेबलावर असू द्या. मार्चमध्ये जागं होणारी संस्था वर्षभर उधारीवर चालते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, हे लोकांना बिलासोबतच सांगा. मोठे थकबाकीदार आधी घ्या. गरीब वस्तीत जप्तीची गाडी आणि बाजारपेठेतल्या मोठ्या थकबाकीदाराला मुदतवाढ, असं झालं तर पुढची पाच वर्षं कुणी मनापासून कर भरत नाही. दर चार वर्षांनी होणारी चतुर्थ वार्षिक कर आकारणी तुमच्या काळात आली तर हरकतींच्या सुनावण्या स्वतः समोर बसून घ्या, शिपायाकडून सह्या जमवू नका.

खर्चात तीन गोष्टी पाहा. एक, निविदेची मर्यादा टाळायला कामाचे तुकडे पाडलेले नाहीत ना. एकाच रस्त्याच्या तीन शंभर-शंभर मीटरच्या नस्त्या एकाच दिवशी आल्या की थांबा. दोन, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि जागेवरचं काम. टेप घेऊन जा, दहा कामांतलं एक स्वतः मोजा. तीन, वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठीच दिलेला) निधी, नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा या योजनांचे पैसे त्या-त्या कामालाच. पगाराला हात लावला तर उपयोगिता प्रमाणपत्र देता येत नाही, पुढचा हप्ता अडतो, आणि पुन्हा पगाराचीच ओढाताण होते.

टक्केवारीचा विषय कुणी ना कुणी काढतोच. पहिल्या वेळी शांतपणे, एका वाक्यात नाही म्हणा. दुसऱ्यांदा फार कमी लोक विचारतात.

८. बांधकाम परवानगी आणि अतिक्रमण

परवानगी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार. अर्ज पडून ठेवू नका. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर नियमांत बसणाऱ्या प्रस्तावाला मानीव परवानगी मिळते, म्हणजे परवानगी दिली असंच धरलं जातं. त्रुटी असतील तर एकदाच सगळ्या कळवा.

अनधिकृत बांधकामावर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३, ५४ च्या नोटिसा द्याव्या लागतात. पंचनामा, फोटो, नोटीस बजावल्याची पोच, यातलं एक राहिलं तरी न्यायालयातून स्थगिती येते. फेरीवाल्यांना उठवण्याआधी २०१४ च्या कायद्याप्रमाणे सर्वेक्षण झालं आहे का आणि नगर पथविक्रेता समिती आहे का ते बघा. नसेल तर आधी ते करा.

९. मुदतीची कामं

माहिती अधिकाराला ३० दिवस, उशीर झाला तर रोज २५० रुपये दंड, कमाल २५,०००. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवांची मुदत फलकावर लावा. दाखला वेळेत निघाला की निम्म्या तक्रारी येतच नाहीत. लोकशाही दिन, आयोग, विधिमंडळाचे प्रश्न यांसाठी एकच वही आणि एकच जबाबदार लिपिक ठेवा.

१०. बदली झाली की

२००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. त्याआधीही बदली होते, तेव्हा आदेशातली कारणं नीट वाचा. अन्याय झाला असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. घरच्यांना मात्र पहिल्याच वर्षी सांगून ठेवा. मुलांच्या शाळा, वडीलधाऱ्यांची औषधं, भाड्याचं घर, या गोष्टींचा ताण सगळ्यात आधी त्यांच्यावर पडतो. मला हे उशिरा समजलं.

कार्यभार देताना, घेताना जी यादी मागितली होती तीच यादी स्वतः तयार करून द्या. शिवाय एक साधी वही द्या: व्हॉल्व्हचा तक्ता, पुराचं पाणी आधी कुठे शिरतं त्या गल्ल्या, धोकादायक इमारती, कुठल्या प्रकरणात पुढची तारीख कधी, कुणाची निवृत्तीची नस्ती कुठे अडली आहे. पुढच्या अधिकाऱ्याला फोन करून ती वही कपाटात कुठे ठेवली ते सांगा. आणि निघण्याआधी डिजिटल स्वाक्षरी रद्द करण्याचं पत्र लेखापालाच्या हातात देऊन त्याची तारखेसह पोच घ्या.